चालींतील साम्य आणि स्वामित्वहक्क

एका लोकप्रिय गीताची चाल दुसऱ्या गीताशी जुळते तेव्हा ती उचललेली आहे की आपसूक जुळली, यावरून होणारे कायदेशीर वाद. संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण यांचे स्वामित्वहक्क वेगळे असतात. चालीचा वाद रचनेच्या हक्काचा.

सप्तकात स्वर बाराच. गाणे चटकन तोंडात बसावे म्हणून त्यांतले सहा-सातच बहुधा मुखड्यात येतात. म्हणजे चाली अधूनमधून जुळणारच. वकील डेमियन रील आणि संगणकतज्ज्ञ नोआ रुबिन यांनी आठ स्वर बारा जागी मांडून होणाऱ्या सगळ्या, सुमारे ६८ अब्ज ७० कोटी, स्वरावली संगणकाकडून तयार करवून घेतल्या आणि २०२० मध्ये सर्वांसाठी खुल्या केल्या. एवढ्या अपुऱ्या कच्च्या मालावर कोणाची मालकी असू नये, असा त्यांचा रोख होता.

न्यायालय साधारणपणे दोन गोष्टी पाहते: प्रतिवादीला मूळ गाणे ऐकण्याची संधी होती का, आणि साम्य आहे ते संरक्षणयोग्य भागात, म्हणजे सर्रास वापरातल्या नव्हे तर रचनाकाराच्या स्वतःच्या मांडणीत, आहे का. स्वतंत्रपणे सुचलेली चाल हुबेहूब जुळली तरी ती नक्कल ठरत नाही. ‘अमुक स्वरांपर्यंत जुळले तर चालते’ हा ऐकीव नियम मात्र निराधार आहे.

‘बीटल्स’मधले जॉर्ज हॅरिसन यांच्या ‘माय स्वीट लॉर्ड’ (१९७०) या गीताचा खटला या विषयात अजूनही सर्वांत बोलका. त्याची तुलना १९६३ मध्ये गाजलेल्या ‘हीज सो फाइन’ या गीताशी झाली. मूळ गीतात ‘प ग रे’ हा तुकडा चार वेळा आणि पाठोपाठ ‘प ध सा ध सा’ चार वेळा येतो. दोन्ही तुकडे अगदी साधे, कोणालाही सुचावेत असे. पण त्यांच्या आवर्तनांचा हा क्रम न्यायाधीशांना विरळा वाटला. हॅरिसन यांच्या गीतात पहिला तुकडा चारदा, दुसरा तीनदा आणि चौथ्या जागी तेवढ्याच लांबीची वेगळी ओळ होती. दुसऱ्या तुकड्यातला एक निसटता कणस्वरही (मुख्य स्वराला चाटून जाणारा सूर) दोन्हीकडे सापडला. १९७६ मध्ये न्यायालयाने नक्कल झाल्याचा निर्णय दिला, पण ती जाणूनबुजून नव्हे, नकळत झालेली मानली. ऐकलेले विसरून जाणे हाही मग बचाव उरला नाही.

२०१५ मध्ये ‘ब्लर्ड लाइन्स’ या गीताच्या निकालाने चिंता आणखी वाढवली. तिथे चालीपेक्षा ठेका आणि एकूण ढंग यांतले साम्य कानात भरणारे होते. तरीही ज्यूरीने, ज्यांच्या गीताशी तुलना झाली त्या गायक मार्विन गे यांच्या वारसांना सुमारे ७४ लाख डॉलर मंजूर केले. पुढे ही रक्कम ५३ लाखांवर आली. ढंगाची मालकी मान्य केली तर अख्खी शैलीच कुंपणात जाते, ही संगीतकारांची तक्रार रास्त होती.

२०२० मध्ये वारे फिरले. ‘स्टेअरवे टू हेवन’च्या आरंभीची उतरती स्वरमालिका सामायिक वापरातली ठरली आणि ‘डार्क हॉर्स’विरुद्धचा २७ लाख ८० हजार डॉलरचा निवाडा रद्द झाला.

बरेच वाद न्यायालयाच्या पायरीपर्यंत जातच नाहीत. ‘अपटाउन फंक’च्या श्रेयनामावलीत जुन्या गीताच्या रचनाकारांची नावे मागाहून घालण्यात आली. ‘शेप ऑफ यू’चा खटला २०२२ मध्ये लंडनमध्ये जिंकल्यावर एड शीरन यांनी सांगितले, की आता आपण गाणे रचताना कॅमेरा चालू ठेवतो.