गॅरेजमधली बाईक, चोर आणि शाळेतली तरफ

हँडल लॉक केलं, शटर ओढलं की आपण निवांत झोपायला मोकळे. पण हँडल लॉक म्हणजे असतं काय, तर किल्ली फिरवल्यावर एक छोटीशी पिन बाहेर येऊन खाचेत बसते, बस एवढंच. ही पिन हँडल ज्या मध्याभोवती फिरतं तिथून जेमतेम तीन-चार सेंटिमीटरवर असते, आणि हँडलचं टोक ३५-४० सेंटिमीटरवर. आता शाळेतली तरफ आठवा, टोकाला ३० किलोचा झटका दिला की पिनवर जवळपास ३०० किलोचा जोर पडतो, म्हणून तर चोर किल्लीच्या नादाला लागतच नाही, सरळ झटका मारून पिन तोडतो.

आणि लॉक नाही तुटलं तरी काय, स्प्लेंडरचं वजन ११२ किलोच्या आसपास, दोघं जण उचलून टेम्पोत टाकतात. म्हणजे नुसतं चाक अडवून भागत नाही, गाडी जमिनीला बांधायला लागते.

साखळी घेताना हार्डवेअरच्या दुकानातली किलोवर मिळणारी घेऊ नका, ते मऊ लोखंड असतं आणि हातभर दांड्यांचा बोल्ट कटर ते आरामात तोडतो (इथे पण तरफच). चांगल्या साखळीच्या पोलादाचं वरचं कवच मुद्दाम कडक केलेलं असतं आणि आतला गाभा मात्र चिवट ठेवतात, कारण आरपार कडक केलं तर घणाच्या एका घावात कडी तडकेल. अशी कडी १६ मिलिमीटर जाडीची असेल तर हाताने चालवायच्या कटरचं काही चालत नाही.

पण हीच महागडी साखळी लोक जमिनीवर लोळत ठेवतात! मग चोर कटरचा एक दांडा फरशीवर टेकवतो आणि दुसऱ्यावर अख्खा उभा राहतो, हाताच्या जोराऐवजी अंगाचं सगळं वजन, आणि घण मारायचा तर खाली फरशी आहेच. त्यामुळे साखळी ताणून, जमिनीपासून वर ठेवा आणि चाकातून नको, चेसिसमधून किंवा मागच्या चिमट्यातून (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांतून) घ्या, चाक काय पान्याने खोलता येतं.

आता ती बांधायची कशाला, हा खरा कळीचा मुद्दा आणि इथेच बहुतेक जण गंडतात. काँक्रीट दाबाला भक्कम पण ताणाला एकदम कच्चं, दाबाच्या साधारण दहावा हिस्सा. त्यात भोक पाडून ठोकलेला फास्टनर (घट्ट बसणारा बोल्ट) वर ओढला की सोबत काँक्रीटचा उलट्या शंकूसारखा तुकडा उपटून येतो. भोक जितकं खोल तितका हा शंकू मोठा, खोली दुप्पट केली तर ताकद दुप्पट नाही, पावणेतीन पट होते. आणि आपल्याकडे गॅरेजला शहाबादी फरशी, खाली थोडा माल आणि मुरूम. फास्टनर नुसता फरशीतच अडकला तर पहारीने फरशीसकट वर येणार. त्यापेक्षा एक फरशी काढा, फूटभर खड्डा घेऊन काँक्रीट भरा, त्यातच जाड कडी पुरून टाका आणि पाणी मारत राहा, पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात. एल-पान्याचा बोल्ट वापरलात तर त्याच्या खाचेत बेअरिंगचा छर्रा ठोकून बसवा, पाना घुसणारच नाही.

ग्राइंडरपुढे मात्र कुठलंच पोलाद टिकत नाही. चार इंची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेते, म्हणजे तिची कड ताशी २०० किलोमीटरने पळते, आणि तिच्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, माणिक ज्याचं बनतं तेच, पोलादापेक्षा कितीतरी कडक. मात्र आवाज आणि ठिणग्या भरपूर उडतात, आणि जाड कडी एका बाजूने कापली तरी उघडत नाही, दुसरी बाजू पण कापावी लागते. त्यात जमिनीत पुरलेली कडी (अँकर) भिंतीच्या कोपऱ्यात घेतली तर ग्राइंडर नीट धरताच येत नाही. हां, तुमचाच ग्राइंडर आणि पहार गॅरेजच्या फळीवर ठेवलेली असेल तर आधी ती घरात आणा.

जीपीएस ट्रॅकर लावा, पण सिग्नल २०,२०० किलोमीटर वरून येतो, तो इतका क्षीण की पत्र्याचं शेड आणि लोखंडी शटर त्याला अडवतं. शिवाय १० मिलिअँपिअर खाणारा ट्रॅकर छोट्या बाईकची ४ अँपिअर-तासाची बॅटरी पंधरा-सोळा दिवसांत बसवतो, गाडी रोज चालवत नसाल तर चार्जर लावत राहा.

आणि दुसरी किल्ली गॅरेजमधल्या खिळ्यावर टांगू नका, चोरीचा क्लेम करताना इन्शुरन्सवाले दोन्ही ओरिजिनल किल्ल्या मागतात.