उशीर किती चालेल, हे कर्नेलला कोण सांगणार?

संगणकावर कुणी काम करत नसतानाही प्रोसेसरला सलग झोप मिळत नाही, कारण ईमेल तपासणाऱ्यापासून कर्सर लुकलुकवणाऱ्यापर्यंत प्रत्येक प्रोग्राम कर्नेलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, आपला टायमर लावून ठेवतो आणि त्याची वेळ झाली की प्रोसेसरला उठावे लागते. गाढ झोपेत शिरायला आणि तिच्यातून बाहेर पडायलाही ऊर्जा खर्च होते. त्यामुळे झोप लवकर मोडली तर बचतीऐवजी तोटाच होतो.

पूर्वी लिनक्स या कर्नेलचे टायमर घड्याळाच्या सेकंदाला 100, 250 किंवा 1000 वेळा पडणाऱ्या ठोक्यांवरच तपासले जात, म्हणजे जवळजवळच्या वेळांचे टायमर आपोआपच एका ठोक्यावर एकत्र येत. 2007 साली 2.6.21 या आवृत्तीत रिकाम्या प्रोसेसरवरचा ठोका थांबवण्याची सोय आली आणि तिच्याबरोबरच ठोक्यांच्या मधल्या वेळाही पाळणारे अचूक टायमर आले. ठोका गेल्याने झोप वाढली, पण अचूकतेमुळे टायमर विखुरले.

त्यावर 2.6.28 मध्ये निघालेला तोडगा मला फार सुंदर वाटतो. प्रत्येक टायमरला एकाऐवजी दोन वेळा दिल्या गेल्या: ज्याच्या आधी तो वाजू नये तो क्षण, आणि ज्याच्यापुढे तो शक्यतो लांबू नये तो क्षण. समजा, एका टायमरची मुदत 100 ते 150 मायक्रोसेकंद आहे आणि दुसऱ्याची 120 ते 170. कर्नेल हार्डवेअरचे घड्याळ 150 वर लावतो आणि जाग आल्यावर दोन्ही कामे उरकतो. टायमर वेळेआधी कधीच वाजत नाही, कारण कित्येक प्रोग्राम त्या हमीवरच उभे असतात.

साध्या थ्रेडसाठी (थ्रेड म्हणजे प्रोग्राममधला कामाचा एक स्वतंत्र धागा) या दोन क्षणांमधली सवलत मुळात 50 मायक्रोसेकंदांची असते आणि रिअल-टाइम, म्हणजे वेळ काटेकोर पाळावी लागणाऱ्या, थ्रेडसाठी शून्य. दर मिनिटाला ईमेल पाहणाऱ्या प्रोग्रामला दोन सेकंदांचा उशीरही सहज चालेल, परंतु आवाजाचा पुढचा तुकडा वेळेत पोहोचवणाऱ्याला तो मुळीच चालणार नाही, आणि या दोघांतला फरक कर्नेलला बाहेरून ओळखता येत नाही. सवलत वाढवण्याची सोय आहे, मात्र प्रोग्राम लिहिणाऱ्याने ती वापरली पाहिजे.

अँड्रॉइडने 2013 साली 4.4 या आवृत्तीत ही जबाबदारी उलटी फिरवली: नव्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या ॲपचे साधे अलार्म ढिले धरले जाऊ लागले आणि अचूक वेळ हवी असणाऱ्याला ती वेगळ्याने मागावी लागली. पुढे अँड्रॉइड 12 मध्ये तर अशा अचूक अलार्मसाठी ॲपला खास परवानगीच घ्यावी लागू लागली.