कोर्टाचा मनोरा की धुराडं?

टेक्ससमधल्या डॅलसच्या दक्षिणेला वॉक्सहॅची नावाचं गाव आहे. तिथल्या चौकाच्या मधोमध लाल-गुलाबी दगडाचं, भरपूर कमानींचं आणि उंच घड्याळ-मनोऱ्याचं एलिस काउंटीचं कोर्ट उभं आहे. फोटो काढणारे कमानींवर कोरलेले चेहरे टिपतात. आम्ही मात्र आधी त्याचा नकाशा पाहायला सांगू, कारण खरी करामत तिथे आहे.

टेक्ससमध्ये २५४ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्या-जिल्ह्याच्या मधलं प्रकरण. काउंटीच्या कोर्टात न्यायदानाबरोबर जमिनीचे दस्त नोंदले जात, कर भरला जाई, जुनी दफ्तरं सांभाळली जात. लाकडी कोर्ट जळालं की कोणाची जमीन किती याचा पुरावाही राख होई. १८८१ साली कायद्याने काउंट्यांना कोर्टाच्या बांधकामासाठी कर्जरोखे काढायची मुभा मिळाली आणि पुढची वीस वर्षं या कापूसपट्ट्यात दगडी कोर्टांची जणू चढाओढ लागली.

वॉक्सहॅचीच्या कोर्टाची कोनशिला ४ जुलै १८९५ रोजी बसली आणि १८९७ मध्ये इमारत उभी राहिली. वास्तुविशारद होता जेम्स राइली गॉर्डन. जाड दगड आणि रुंद अर्धगोल कमानी ही शैली अमेरिकी वास्तुविशारद हेन्री हॉब्सन रिचर्डसनची. पिट्सबर्गच्या त्याच्या कोर्टाने ती देशभर गाजवली. गॉर्डनचं स्वतःचं डोकं चाललं ते आत.

कागदावर अधिकचं चिन्ह काढा. चार हातांमध्ये कचेऱ्या. दोन हातांच्या मधल्या चार खोबणींत ओसऱ्या, आणि प्रवेश तिथूनच, म्हणजे कोपऱ्यांतून. नेमका मध्यभाग मोकळा सोडून तिथे जिना, आणि त्याच्या डोक्यावर मनोरा. हात अरुंद असल्याने बहुतेक खोल्यांना दोन-तीन बाजूंनी खिडक्या मिळतात. ओसऱ्यांवर सावली असल्याने तिथली हवा अंगणातल्या हवेपेक्षा गार असते. ती आत येते, कचेऱ्यांतून आणि बोळांतून जिन्याच्या पोकळीत जाते, तापून वर चढते आणि मनोऱ्याच्या झडपांतून बाहेर पडते. मनोरा घड्याळासाठी आहे, गावाचा तोरा मिरवायलाही आहे, पण कामाला तो धुराड्याच्या येतो.

हे किती जोरात चालतं? ३० मीटर उंचीची पोकळी धरू आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा ५ अंश सेल्सिअसने उबदार आहे असं समजू. दाबातला फरक येतो सुमारे साडेपाच पास्कल. टेबलावर एकावर एक ठेवलेल्या सात साध्या कागदांच्या वजनाइतकाच! तरीही ३ चौरस मीटरच्या मोकळ्या तोंडातून सेकंदाला मीटरभर वेगाने हवा निघाली, तर सेकंदाला ३ घनमीटर हवा बदलते. माणशी १० लिटरच्या हिशेबाने ती तीनशे माणसांना पुरते. शिवाय खच्चून भरलेल्या कोर्टात प्रत्येक माणूस सुमारे १०० वॅट उष्णता सोडतो. म्हणजे तीनशे माणसं ही ३० किलोवॅटची शेगडीच. गर्दी वाढते तसा धुराड्याचा ओढाही वाढतो.

इथे एक गोची आहे, जी कौतुकाच्या भरात सांगायची राहून जाते. भर दुपारी बाहेर ३८ अंश असताना जाड दगडी भिंतींमुळे आत ३२ असेल, तर आतली हवा जड होते आणि पोकळीतून खाली उतरू पाहते. ओढा उलटतो. त्या वेळी इमारतीला तारतो तो वारा. ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब १५ पास्कलच्या आसपास असतो, आणि मनोरा चारही बाजूंनी उघडा असल्याने कुठली ना कुठली बाजू वाऱ्याच्या आडोशाला येऊन हवा खेचतेच. रात्री मात्र डाव पालटतो. दिवसभर तापलेला दगड आतली हवा तापवतो, बाहेर गारवा असतो, आणि उघड्या खिडक्यांतून इमारत रातोरात गार होते. रात्री खिडक्या बंद करून गेलात तर दुसऱ्या दिवशी कोर्टाची भट्टी झालीच म्हणून समजा.

वातानुकूलन आल्यावर हे सगळं बिघडलं. खिडक्यांत यंत्रं बसली, उंच छतांखाली खोटी छतं लटकली, जागा हवी म्हणून मधली पोकळी बुजवली गेली. ला ग्रेंजमधलं गॉर्डनचंच फेएट काउंटीचं कोर्ट १८९१ सालचं. त्याच्या मध्ये कारंज्यासह उघडा चौक होता. तोही नंतर बांधून काढला होता, आणि २००५ च्या जीर्णोद्धारात पुन्हा मोकळा झाला. १९९९ मध्ये राज्याने अशा कोर्टांसाठी खास अनुदान योजना सुरू केली, तेव्हापासून या कामांना पैसा मिळू लागला.

पोकळी उघडायची तर अग्निशमनवाले हरकत घेतात, आणि ते बरोबर असतात. हवेला वर नेणारी पोकळी धुरालाही तितक्याच तत्परतेने वर नेते. त्यावर उपाय म्हणजे एरवी चुंबकाने उघडी राहणारी आणि धोक्याची घंटा वाजताच सुटून मिटणारी दारं, आणि जोडीला पाण्याचे फवारे.

दगडाचं दुखणं वेगळं. ग्रॅनाइट पाणी फारसं पीत नाही, वालुकाश्म पितो. जुन्या सांध्यांत चुना असे. तो दगडाहून मऊ आणि सच्छिद्र, त्यामुळे आत शिरलेलं पाणी सांध्यातून सुकून जाई. पुढे कोणीतरी सिमेंटने सांधे भरतं, ओल दगडातच अडकते, क्षार पृष्ठभागाखाली साचतात आणि पापुद्रे सुटू लागतात. दगड त्याचे नैसर्गिक थर उभे ठेवून बसवला असेल तर पुस्तकाची पानं गळावीत तसा तो गळतो. दुरुस्ती करताना सांधा त्याच्या रुंदीच्या किमान दोन ते अडीचपट खोल खरवडावा. चुन्याचा मसाला एकदम न कोंबता सहा-सहा मिलिमीटरच्या थरांत दाबावा आणि काही दिवस ओलसर ठेवावा. वाळूचा मारा करून दगड साफ करण्याच्या फंदात पडू नये. त्याने वरचा कठीण थर जातो आणि दगड आणखी पाणी पितो.

राहता राहिली कबुतरं. त्यांच्या त्रासाने मनोऱ्याच्या झडपांवर फळ्या ठोकल्या जातात, नाहीतर डासांची बारीक जाळी लागते. ती वर्षभरात धूळ-पिसांनी बुजते आणि धुराडं पुन्हा बंद. कबुतराला ५० मिलिमीटर चौकोनाची जाळी पुरते, चिमणीला १९.