आरव्हीतून कॅन्यनच्या प्रदेशात: कुटुंबे आणि मित्रमंडळींसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार. नेवाडा, युटा आणि ॲरिझोना या अमेरिकी राज्यांतील वाळवंटी दऱ्यांचा प्रदेश आरव्हीने, म्हणजे चाकांवरच्या घरातून, पाहण्याची इच्छा आपण आमच्याकडे व्यक्त केली, याबद्दल आभार. मुलांकडे अमेरिकेत आलेले आई-वडील, त्यांची मुले, सुना, जावई, नातवंडे आणि जोडीला एखादे घरोब्याचे मित्रकुटुंब अशा मंडळींच्या सहली आमची छोटी संस्था आखून देते. गाडी भाड्याने देणारी कंपनी वेगळी असते; मार्ग ठरवणे, मुक्कामाच्या जागा राखून ठेवणे आणि निघण्यापूर्वी आपल्याला पुरेशी माहिती देणे हे आमचे काम. हे पत्रक घरातील सर्वांनी, विशेषतः गाडी चालवणाऱ्यांनी आणि स्वयंपाकाची जबाबदारी घेणाऱ्यांनी, शेवटपर्यंत वाचावे अशी आमची विनंती आहे.

मार्ग आणि मुक्काम

आम्ही सुचवतो तो मार्ग लास व्हेगासहून निघून झायन आणि ब्राइस कॅन्यन ही राष्ट्रीय उद्याने, ॲरिझोनातील पेज गाव, मॉन्युमेंट व्हॅली आणि ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ असा फिरून पुन्हा लास व्हेगासला येतो. लास व्हेगास ते झायन सुमारे २६० किलोमीटर, ब्राइस ते पेज सुमारे २४०, पेज ते मॉन्युमेंट व्हॅली सुमारे २००, तेथून ग्रँड कॅन्यन सुमारे २९० आणि परतीचा टप्पा सुमारे ४५० किलोमीटरचा आहे. नकाशावर ही अंतरे किरकोळ वाटतात आणि म्हणूनच बहुतेक ग्राहक पहिल्या बैठकीत आणखी दोन-तीन ठिकाणे यादीत घालायला सांगतात. आमचा अनुभव याच्या उलट आहे. आरव्ही हलवायची म्हणजे घर आवरायचे: भांडी कपाटात, कपाटांना कड्या, बाहेर सरकवलेला भाग आत, पाण्याची नळी आणि विजेची तार गुंडाळून पेटीत, पायरी वर. यात तासभर सहज जातो, आणि मुक्कामावर पोहोचल्यावर तेच सारे उलट क्रमाने करावे लागते. म्हणून दहा-अकरा दिवसांत, परतीच्या आदल्या रात्रीचा मुक्काम सोडून, पाचपेक्षा अधिक मुक्काम ठेवू नयेत आणि झायन व ग्रँड कॅन्यन येथे किमान दोन रात्री राहावे, असा आमचा आग्रह राहील. फोनवरील नकाशा मोटारीचा वेळ दाखवतो. आरव्हीसाठी त्यात किमान चतुर्थांश वेळ वाढवून धरावा.

सहाहून अधिक माणसे असतील तर एकाच मोठ्या गाडीऐवजी दोन मध्यम गाड्या घ्याव्यात. प्रत्येकाला पट्ट्यासह स्वतंत्र आसन मिळणे आवश्यक आहे. धावत्या गाडीत पलंगावर झोपणे किंवा शेगडीपाशी उभे राहणे धोक्याचे आहे. दोन गाड्या असल्या की आजी-आजोबांना रात्री शांत झोप मिळते आणि मुलांना दिवसा एका गाडीतून दुसऱ्या गाडीत बसायला जाण्याची मौज लाभते.

गाडीची मापे आणि रस्त्याच्या अटी

आपल्याला मिळणारी गाडी साधारणपणे २५ ते ३० फूट लांब, आठ फुटांहून थोडी अधिक रुंद आणि ११ ते १२ फूट उंच असेल. ताब्यात घेताना तिची नेमकी मापे विचारून एका कागदावर लिहावीत आणि तो कागद चालकासमोर चिकटवावा. कारण झायनच्या पूर्वेकडे जाणारा सुंदर रस्ता १९३० साली पूर्ण झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून जातो आणि तो बोगदा त्या काळातील मोटारींच्या मापाने खोदलेला आहे. ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद वाहनासाठी तेथे पूर्वी शुल्क भरून समोरची वाहतूक थांबवली जात असे. २०२६ च्या मध्यापासून मात्र मोठ्या वाहनांना हा मार्ग बंद करण्याचा निर्णय उद्यान प्रशासनाने जाहीर केला. म्हणून आम्ही आमच्या सर्व ग्राहकांना झायनहून पश्चिमेकडे परत हरिकेन गावी येऊन, ॲरिझोनाच्या हद्दीतून फ्रेडोनिया आणि कनाबमार्गे ब्राइसकडे जाण्यास सांगतो. हा वळसा मोठा आहे खरा, पण व्हर्मिलियन रंगाच्या कड्यांच्या सोबतीने जाणारा तो रस्ता मोकळा आणि सुखाचा आहे.

मेक्सिकन हॅट गावाच्या उत्तरेकडील मोकी डगवे हा घाट आरव्हीने कधीही चढू अथवा उतरू नये. कड्याच्या अंगावर कोरलेली ती खडीची वळणे आहेत. आपल्याकडे वरंधा किंवा आंबेनळी घाट चालवलेल्यांना तो सोपा वाटण्याचा संभव आहे, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहोत. मॉन्युमेंट व्हॅलीतील २७ किलोमीटरच्या कच्च्या रस्त्यावरही आरव्ही नेण्यास मनाई आहे. ती फेरी स्थानिक नावाहो (या भूमीवरील मूलनिवासी जमात) वाटाड्याच्या उघड्या जीपमधून करावी. झायनच्या मुख्य दरीत हंगामात खासगी वाहनांना प्रवेश नसतो, तेथे उद्यानाची मोफत बस घ्यावी लागते. या बसमुळे चालकालाही डोके वर करून कडे पाहता येतात, हे आम्ही मोठेच भाग्य मानतो.

वळताना गाडीचा मागचा भाग वळणाच्या उलट दिशेला बाहेर फेकला जातो. पेट्रोल पंपावरील खांब आणि मुक्कामाच्या जागेवरील झाडे यांना होणाऱ्या बहुतेक धडका याच कारणाने होतात. मागे घेताना एकाने खाली उतरून, चालकाला आरशात दिसेल असे उभे राहावे. तो दिसेनासा झाला की चालकाने गाडी थांबवावी. उतारावर ब्रेक दाबून न ठेवता खालचा गिअर वापरावा.

पाणी

या सहलीत सर्वांत अधिक विचार पाण्याचा करावा लागतो. मध्यम आरव्हीच्या टाकीत सुमारे १५० लिटर स्वच्छ पाणी मावते. आपली आंघोळीची एक बादली १५ ते २० लिटरची धरली तर सहा माणसांच्या एका सकाळच्या आंघोळीत टाकीचा बहुतेक साठा संपतो, आणि तितकेच पाणी खालच्या सांडपाण्याच्या टाकीत भरते. म्हणून जेथे मुक्कामाच्या जागेवर वीज, पाणी आणि मैल्याची जोडणी आहे तेथेच गाडीत आंघोळ करावी. अन्य ठिकाणी अंग पुसून घ्यावे किंवा तळावरील सार्वजनिक न्हाणीघर वापरावे. ग्रँड कॅन्यनच्या मेथर तळावर अशी जोडणी नाही. जवळच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये ती आहे. वृद्ध किंवा लहान मुले बरोबर असतील तर आम्ही ट्रेलर व्हिलेजच निवडतो. पिण्याचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये ठेवावे आणि दर माणशी दिवसाला किमान चार लिटर धरावे. येथील हवा इतकी कोरडी असते की घाम जाणवत नाही, आणि तहान लागेपर्यंत डोके दुखू लागलेले असते.

टाक्या रिकाम्या करण्याचे काम कोणालाही आवडत नाही, पण ते समजून केल्यास पाच-सात मिनिटांचे आहे. हातमोजे घालून जाड नळी आधी गाडीला आणि मग जमिनीतील तोंडाला घट्ट बसवावी. प्रथम शौचालयाच्या टाकीची खिट्टी ओढावी, ती पूर्ण रिकामी झाल्यावर बंद करावी आणि त्यानंतरच सांडपाण्याची ओढावी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. जोडणी असलेल्या जागीसुद्धा शौचालयाच्या टाकीची खिट्टी सदैव उघडी ठेवू नये. द्रव वाहून जाते, घट्ट भाग तळाशी साचतो आणि टाकी तुंबते. आमच्या पहिल्याच सहलीत आम्ही ही चूक केली होती आणि पेजमधील एक संपूर्ण सकाळ त्यापायी घालवली होती.

याच प्रदेशात पाणी अकस्मात येऊन जीवही घेते. जुलै ते सप्टेंबर या काळात दुपारी वादळी पाऊस पडतो. उघड्या खडकावर पाणी मुरत नाही. ते अरुंद घळींतून एकदम धावते, आणि पाऊस अनेक किलोमीटर दूर पडलेला असला तरी डोक्यावर निळे आकाश असताना लोंढा येऊ शकतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये अशाच लोंढ्याने ११ पर्यटकांचा बळी घेतला. सप्टेंबर २०१५ मध्ये झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण गेले. पावसाळ्यात सांदण दरीत कोणी उतरत नाही, तोच नियम येथे पाळावा. झायनच्या नॅरोज मार्गावर व्हर्जिन नदीच्या पात्रातूनच चालायचे असते. तेथे जाण्यापूर्वी त्या दिवसाचा पुराचा अंदाज उद्यानाच्या केंद्रात पाहावा. 'संभाव्य' किंवा त्याहून वरचा इशारा असेल तर आपल्या वेळापत्रकात तो बेत लिहिलेला असला तरी तो रद्द समजावा. पात्रात असताना पाणी गढूळ झाले, काटक्या वाहत येऊ लागल्या किंवा वरून घरघर ऐकू आली, तर सामान सोडून तत्काळ उंचावर चढावे.

घड्याळ

ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळे पुढे करत नाहीत. युटात करतात, आणि ॲरिझोनातच असलेल्या नावाहो प्रदेशातही करतात. त्यामुळे उन्हाळ्यात या फेरीत फोनवरील वेळ अनेकदा तासाने बदलते. अँटिलोप कॅन्यन नावाहोंच्या भूमीवर असले तरी तेथील फेऱ्या पेजच्या, म्हणजे ॲरिझोनाच्या वेळेने निघतात. वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही आणि चुकलेली फेरी बहुधा परत मिळत नाही. पेजमध्ये एक साधे मनगटी घड्याळ स्थानिक वेळेला लावून तेच प्रमाण मानावे.

स्वयंपाक आणि रात्र

गाडी समतल उभी असणे हे झोपेसाठी तर हवेच, शिवाय गॅसवर चालणारा फ्रिज तिरप्या गाडीत नीट थंड होत नाही. चाकांखाली ठोकळे घालून पाहावे. खात्री करण्याची आमची पद्धत घरगुती आहे: तव्यावर चमचाभर तेल सोडावे. ते मध्यभागी राहिले तर ठीक. एका कडेला ओघळले तर त्या बाजूचे चाक अजून अर्धा इंच वर घ्यावे. फोडणी देताना छतावरील पंखा सुरू करून खिडकी उघडावी, अन्यथा धुराचा भोंगा हमखास वाजतो. कुकर अवश्य न्यावा. ब्राइसचा काठ ८,००० ते ९,००० फूट उंचीवर आहे, तेथे पाणी सुमारे ९२ अंशांनाच उकळते आणि उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर शिजवूनही बोटचेपी होत नाही. तांदूळ, डाळ, पोहे, मसाले यांची खरेदी लास व्हेगासमध्येच उरकावी. वाटेतील गावांत भाजीपाला मिळतो, पण आपला किराणा मिळत नाही.

ब्राइसला मे महिन्यातही रात्री पारा शून्याखाली जातो. पाण्याची नळी रात्री काढून ठेवावी. वर्षातून सुमारे २०० रात्री-दिवस असे गोठणे आणि वितळणे चालते; भेगांत शिरलेले पाणी बर्फ होऊन खडक फोडते आणि त्यातून तेथील ते नारिंगी सुळके घडतात. पहाटे काठावर जावे. ऊन पहिल्यांदा सुळक्यांच्या टोकांना लागते आणि मग पायथ्याशी उतरते, तेव्हा खालच्या सुळक्यांचा दगड आतून दिवा लावल्यासारखा उजळतो. थंडीचे कारण सांगून गाडीत झोपून राहणाऱ्यांना आम्ही तरी उठवतोच.

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर पूर्वेकडील डेझर्ट व्ह्यू रस्त्याने प्रवेश करावा. त्या बाजूने समोर दिसणाऱ्या एका भव्य शिखराचे नाव 'विष्णू टेंपल' आहे. क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने १८८० च्या दशकात येथील शिखरांना पौर्वात्य देवतांची नावे दिली, त्यांत शिवाचेही एक आहे. दरीच्या तळाशी उघड्या पडलेल्या सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीच्या काळसर खडकालाही 'विष्णू' हेच नाव आहे. आपला सह्याद्री ज्या लाव्ह्याने घडला तो अवघा साडेसहा कोटी वर्षांचा. आजोबांनी नातवंडांना हे काठावर उभे राहून सांगावे, पण कठड्यावर कोणालाही चढू देऊ नये. दरीत नदीपर्यंत उतरून त्याच दिवशी वर येण्याचा प्रयत्न करू नये. उन्हाळ्यात खाली पारा ४३ अंशांच्याही वर जातो, आणि आपल्या गडांच्या उलट येथे दमल्यानंतर चढण लागते.

शुल्क, परवाना आणि शिष्टाचार

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या पर्यटकांसाठी राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास २५० डॉलरचा झाला आहे. तो नसेल तर झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन या तिन्ही ठिकाणी १६ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येक परदेशी पाहुण्याला प्रवेशशुल्काव्यतिरिक्त १०० डॉलर पडतात. म्हणून भारतातून आलेल्यांनी हा पास आधीच घ्यावा. नावाहो उद्यानांचे शुल्क वेगळे आहे. उद्यानांतील मुक्कामाच्या बहुतेक जागा सहा महिने आधी खुल्या होतात आणि लवकर संपतात, त्यामुळे तारखा आम्हाला किमान सात महिने आधी कळवाव्यात. एप्रिलअखेर ते मे आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर हा काळ उत्तम.

चालकाने भारतातील मूळ परवाना आणि आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही जवळ ठेवावेत. नावाहो प्रदेशात मद्य बाळगण्यास बंदी आहे. गाडीतही ठेवू नये. तेथे लोकांची घरे आहेत, शेळ्या-मेंढ्या आहेत, आणि कोणाचेही छायाचित्र विचारल्याशिवाय काढणे अप्रशस्त आहे. ड्रोन नेऊ नये.

परतीच्या आदल्या रात्री मुक्काम लास व्हेगासच्या जवळ ठेवावा. सकाळी दोन्ही टाक्या रिकाम्या कराव्यात, इंधन आणि गॅस करारात लिहिल्याप्रमाणे भरावे, कपाटांचे मागचे कोपरे हाताने चाचपावेत आणि गाडीची चारही बाजूंनी, छतासह, छायाचित्रे काढून ठेवावीत. गाडी घेतानाही अशीच छायाचित्रे काढलेली असतील तर हिशेबाच्या वेळी वाद उद्भवत नाही; तरीही काही शंका निघाल्यास ती गाडी सोपवण्यापूर्वी आम्हाला फोनवर विचारावी.