ब्राझीलचा बंदूक परवाना आणि ‘खरी गरज’

23 ऑक्टोबर 2005 रोजी ब्राझीलचे मतदार मतदानयंत्रासमोर गेले ते कुठल्या उमेदवाराला निवडायला नव्हे. देशात बंदुका आणि काडतुसं विकायला बंदी करावी का, एवढाच सवाल होता. ‘नाही’साठी 1 दाबायचा, ‘हो’साठी 2. जवळजवळ 64 टक्के मतं ‘नाही’ला पडली. टॉरस ही पिस्तुलांची मोठी कंपनी ज्या राज्यातली, त्या रिओ ग्रांदे दो सुलमध्ये तर ‘नाही’ 87 टक्क्यांच्या आसपास गेलं.

या निकालाचा अर्थ फार वेळा चुकीचा सांगितला जातो, म्हणून इथे थांबून सांगते. लोकांनी विक्रीबंदी नाकारली. परवान्याचा कायदा मात्र जागच्या जागी राहिला.

हा कायदा डिसेंबर 2003 चा. त्याआधी 1997 पर्यंत विनापरवाना शस्त्र घेऊन फिरणं किरकोळ अपराधात मोजलं जाई. त्या वर्षीच्या कायद्याने तो गुन्हा ठरवला आणि फेडरल पोलिसांकडे देशभरच्या नोंदणीची व्यवस्था उभी केली. तरी 2003 मध्ये गोळी लागून मारल्या गेलेल्यांची संख्या 35 हजारांवर होती. नव्या कायद्यात म्हणूनच अटी कडक आल्या: वय किमान 25, गुन्ह्यांची नोंद नको, उत्पन्नाचं कायदेशीर साधन आणि कायमचा पत्ता हवा, मानसशास्त्रज्ञाचा दाखला आणि शस्त्र हाताळण्याची परीक्षा. घरात किंवा स्वतःच्या धंद्याच्या जागी बाळगण्याचा परवाना वेगळा; अंगावर घेऊन फिरायची मुभा सर्वसामान्यांना जवळपास नाहीच. सोबत सरकारने मोबदला देऊन शस्त्रं परत घेतली. साडेचार लाखांच्या आसपास जमा झाली.

पण कायद्यातली खरी मेख आणखी एका अटीत होती. अर्जदाराने ‘खरी गरज’ असल्याचं लिहून द्यायचं. गरज खरी की नाही, हे कोण ठरवणार? बरीच वर्षं ते पोलीस ठरवत आणि पुष्कळ अर्ज तिथेच अडत.

जानेवारी 2019 मध्ये बोल्सोनारो राष्ट्राध्यक्ष झाले आणि पंधरवड्यात त्यांनी या शब्दाची व्याख्याच बदलली. ज्या राज्यात 2016 साली लाखामागे 10 हून जास्त खून झाले, तिथल्या रहिवाशाची गरज आपोआप खरी. तेव्हा देशातलं प्रत्येक राज्य 10 च्या वर होतं! अटीतला जीवच काढून घेतला, असं मला वाटतं. पुढे नेमबाज, शिकारी आणि संग्राहकांना लष्कराकडून मिळणारी नोंदणी सैल झाली. नेमबाजाला 60 पर्यंत शस्त्रांची सोय झाली. 2018 मध्ये सव्वा लाखांच्या आत असलेले असे नोंदणीधारक 2022 च्या मध्यापर्यंत साडेसहा लाखांपुढे गेले.

2003 च्या कायद्यावर सही करणारे लुला 1 जानेवारी 2023 रोजी पुन्हा सत्तेवर आले आणि त्याच दिवशी नवे नियम काढले. जुलैपर्यंत स्वसंरक्षणासाठी माणशी 2 शस्त्रं आणि शस्त्रामागे वर्षाला 50 काडतुसं अशी मर्यादा आली. (आपल्याकडेही 2019 च्या दुरुस्तीने परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोनवर आणली.) 9 मिलिमीटर पिस्तूल पुन्हा निर्बंधित गटात गेलं. गरज कागदावर दाखवणं परत सक्तीचं झालं. नेमबाज-शिकाऱ्यांवरची देखरेख लष्कराकडून फेडरल पोलिसांकडे यायला मात्र 2025 चा जुलै उजाडला.