विलगीकरण टाकी (सागरी मत्स्यालय)

खाऱ्या पाण्यातले शोभेचे मासे मुख्य टाकीत सोडण्याआधी ज्या वेगळ्या टाकीत काही आठवडे नजरेखाली ठेवतात आणि लागल्यास औषध देतात, ती टाकी. हौशी मंडळी तिला ‘क्वारंटाईन टँक’ म्हणतात. २०२० साली गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना कोकणात दहा दिवस वेगळे राहावे लागले होते; तेव्हापासून हा शब्द येथे घरोघरी ठाऊक आहे. माशांना मात्र दहा दिवस पुरत नाहीत, निदान चार आठवडे लागतात.

याचे कारण पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात, म्हणजे ‘व्हाइट स्पॉट’मध्ये आहे. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा एकपेशीय परजीवी माशाच्या त्वचेत व कल्ल्यांत तीन ते सात दिवस राहतो, मग गळून पडतो आणि तळाशी कवच करून बसतो. कवचात तो विभागत राहतो. त्यातून शेकडो पिल्ले बाहेर पडायला कधी तीन दिवस लागतात, कधी चार आठवडे, क्वचित त्याहूनही जास्त. बाहेर आलेल्या पिल्लाला दिवस-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरते. अथांग समुद्रात बहुतेकांचे असेच होते. २०० लिटरच्या टाकीत मासा हातभर अंतरावरच असतो. ठिपके मावळले की मासा बरा झाला असे वाटते आणि घात तिथेच होतो, कारण परजीवी तेव्हा तळाशी वाढत असतो. ॲमिलोओडिनियम या दुसऱ्या परजीवीमुळे होणारा ‘व्हेल्वेट’ रोग याहून वाईट. तो आधी कल्ल्यांवर बसतो, आणि अंगावर सोनेरी भुकटी दिसू लागल्यावर हाताशी दोन-तीन दिवसच उरतात. रोग मुख्य टाकीत शिरला, तर सगळे मासे बाहेर काढून ती दोन-अडीच महिने माशांविना ठेवावी लागते.

टाकी साधी आणि उघड्या तळाची असावी. लहान माशांना दोन फूट लांब, फूटभर रुंद व तितकीच उंच (सुमारे ५५ लिटर) पुरते. टँगसारख्या सतत पोहणाऱ्या माशांना दुप्पट-तिप्पट मोठी लागते. वाळू व दगड घालू नयेत. ते तांबे शोषतात. किनाऱ्यावरून कठीण प्रवाळ उचलून आणणे तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हाच आहे. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे चांगले. झाकण हवेच. स्पंज फिल्टर तीन-चार आठवडे आधी मुख्य टाकीच्या पाण्यात ठेवून त्यात अमोनिया पचवणारे जीवाणू रुजवतात. नवा कोरडा स्पंज लावून त्याच दिवशी मासा सोडला, तर अमोनियाच त्याला मारतो. हीटरची गरज कोकणात थोडीच पडते. पावसाळ्यात वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा हवेचा पंप मात्र घरात असलाच पाहिजे. जाळी, बादली, नळी या टाकीच्या वेगळ्या ठेवाव्यात.

समुद्र दाराशी असल्याने पाणी फुकट मिळते, पण कुठलेही चालत नाही. जून ते सप्टेंबर खाडीच्या तोंडाशी नदीचे गोडे, गढूळ पाणी मिसळते. जेटीजवळ डिझेलचा तवंग असतो. खाडीपासून दूर, खडकाळ टोकाशी, भरतीच्या वेळी घेतलेले पाणी बरे. ते गाळून काही आठवडे अंधारात झाकून ठेवावे आणि क्षारता मोजावी. लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सापेक्ष घनता सुमारे १.०२५.

मुंबईहून रत्नागिरीला आणलेला मासा सात-आठ तास पिशवीत असतो. पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा सामू (पीएच) उतरतो, त्यामुळे साचलेला अमोनिया तेवढा विषारी राहत नाही. पिशवी उघडली की सामू चढतो आणि तोच अमोनिया जाळू लागतो. म्हणून तासभर थेंब-थेंब पाणी मिसळत बसू नये. टाकीची क्षारता आधीच पिशवीएवढी करून, पंधरा-वीस मिनिटे पिशवी तरंगवून तापमान जुळवावे, मासा हलवावा आणि पिशवीतले पाणी फेकून द्यावे.

पहिले दिवस खाण्याकडे लक्ष ठेवण्यातच जातात. बारीक चिरलेली कोळंबी किंवा तिसऱ्यांचे मांस बहुतेक मासे घेतात. आधी गोठवून ठेवलेले अधिक सुरक्षित. दोन्ही रोगांवर मुख्य औषध तांबे. सुपारीच्या बागेत बोर्डो मिश्रणासाठी वापरतात तो मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटच, आणि म्हणूनच येथे सावध राहायला हवे. लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे एवढीच मात्रा असते. त्यासाठी १०० लिटरला ८० मिलिग्रॅमच्या आतच शुद्ध मोरचूद लागतो. अंदाजाने टाकलेली चिमूट त्याच्या कित्येक पट भरते आणि मासे मरतात. बागेचा मोरचूद वापरूच नये. मत्स्यालयासाठीचे तयार औषध घ्यावे, त्याच्या पत्रकातली मात्रा पाळावी (चिलेटयुक्त, म्हणजे दुसऱ्या रेणूंत बांधलेल्या, तांब्याची मात्रा बरीच वेगळी असते) आणि टेस्ट किटने रोज मोजावे. औषध चालू असताना फिल्टरमधला कोळसा काढून ठेवतात. कोळंबी, प्रवाळ, शंख-शिंपल्यांना तांबे मारक आहे, तेव्हा त्यांना या टाकीत स्थान नाही.

काम संपल्यावर टाकी, स्पंज व पाइप धुऊन उन्हात खडखडीत वाळवतात. कवचातला परजीवी कोरडेपणात टिकत नाही. पावसाळ्यात असे ऊन मिळत नाही, म्हणून तेव्हा पंख्याखाली अधिक दिवस ठेवावे लागते.