कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजच्या ट्रस्टीपदासाठी उभं राहायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि मुदती

बे एरियातल्या मराठी घरांना क्युपर्टिनोचं डी अँझा किंवा फ्रिमाँटचं ओलोनी या कम्युनिटी कॉलेजांची, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांची, नावं परकी नाहीत. या कॉलेजांचं बजेट मंजूर करणारं आणि त्यांचा प्रमुख नेमणारं मंडळ, म्हणजे बोर्ड ऑफ ट्रस्टीज, मतदार निवडून देतात. त्यासाठी ना पक्षाचं तिकीट लागतं, ना डिपॉझिट. अर्जालाही फी नाही. उमेदवारी अडते ती पत्त्यावर, तारखेवर आणि शब्दांच्या मोजणीवर, म्हणून इथे त्यांवरच जास्त लिहिलं आहे.

पात्रता

वय १८ पूर्ण, अमेरिकेचं नागरिकत्व, डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे त्या कॉलेजचा कारभार ज्या भागापुरता चालतो त्याच्या) हद्दीत वास्तव्य आणि मतदार यादीत नाव. पदवीची अट नाही, मूल तिथे शिकत असण्याचीही नाही. ग्रीन कार्डवर उभं राहता येत नाही. नागरिकत्व मिळण्याआधी मतदार म्हणून नाव नोंदवण्याची चूक तर चुकूनही करू नका, त्यातून देशाबाहेर काढण्यापर्यंत कारवाई होऊ शकते. ओसीआय कार्ड मात्र आड येत नाही, कारण ते भारताचं नागरिकत्व नव्हे. त्याच डिस्ट्रिक्टमध्ये नोकरी करणाऱ्यालाही निवडणूक लढवता येते, पण पदाची शपथ घेण्याआधी राजीनामा द्यावा लागतो.

बऱ्याच डिस्ट्रिक्टचे आता ट्रस्टी एरिया, म्हणजे आपल्याकडच्या वॉर्डांसारखे भाग, पाडलेले आहेत. तिथे तुम्ही ज्या भागात राहता त्याच भागातून उभं राहता येतं. मुदत चार वर्षांची असते आणि सगळ्या जागा एकाच वेळी रिकाम्या होत नाहीत. त्यामुळे पहिलं काम म्हणजे यंदा तुमच्या भागाची जागा निवडणुकीला आहे का, ते काउंटीच्या रजिस्ट्रार ऑफ व्होटर्सकडे, म्हणजे निवडणूक कार्यालयात, विचारणं.

दुसरं काम त्याच दिवशी उरका: मतदार नोंदणीवरचा पत्ता तपासा. उमेदवारीचे कागद हातात मिळतात त्या क्षणी तुम्ही त्या भागाचे नोंदणीकृत मतदार असायला हवे. नव्या घरात राहायला गेलात आणि नोंदणी जुन्याच पत्त्यावर राहिली, तर काउंटरवरूनच परत यावं लागतं.

तारखा

अर्ज मतदानाच्या ११३ दिवस आधी मिळू लागतात आणि ८८ व्या दिवशी संध्याकाळी ५ ला खिडकी बंद होते. ३ नोव्हेंबर २०२६ च्या निवडणुकीसाठी म्हणजे १३ जुलै ते ७ ऑगस्ट. विद्यमान ट्रस्टीने अर्ज भरला नाही, तर इतरांसाठी मुदत पाच दिवसांनी, १२ ऑगस्टपर्यंत वाढते. पोस्टाने पाठवलं तर शिक्क्याची तारीख धरत नाहीत, कागद वेळेत पोचलेला लागतो.

कागदपत्रं

मुख्य कागद म्हणजे डिक्लरेशन ऑफ कँडिडसी. त्यावर शपथेवर सही करायची असते. मतपत्रिकेवर नाव कसं छापायचं तेही इथेच ठरतं. नावाआधी ‘डॉ.’ लावता येत नाही.

नावाखाली छापायचा व्यवसाय जास्तीत जास्त तीन शब्दांचा असतो. तो तुमचा सध्याचा किंवा मागच्या कॅलेंडर वर्षातला मुख्य व्यवसाय असावा लागतो आणि त्याचा आधार वेगळ्या वर्कशीटवर द्यावा लागतो. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ चालेल, ‘एक्स्पर्ट सॉफ्टवेअर इंजिनिअर’ चालणार नाही. तीनच शब्द असले तरी त्यात स्वतःची स्तुती आली.

मतदारांना जाणाऱ्या पुस्तिकेतलं निवेदन ऐच्छिक आहे. मर्यादा सहसा २०० शब्दांची, बोर्डाने ठरवलं तर ४००. त्यात स्वतःचं शिक्षण, काम आणि पात्रता एवढंच लिहायचं. पक्षाचं नाव नको, प्रतिस्पर्ध्यावर टीका नको. एकदा दिलं की त्यात बदल करता येत नाही, फक्त मागे घेता येतं. खरा खर्च इथेच असतो: छपाई आणि भाषांतराचा भार बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये उमेदवारावरच पडतो आणि तो काही हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो. अंदाजपत्रक आधी मागून घ्या.

फॉर्म ७०० मध्ये आर्थिक हितसंबंध जाहीर करायचे. त्यात स्थावर मालमत्ता डिस्ट्रिक्टच्या परिसरातली विचारतात, पुण्यातला फ्लॅट नाही.

पैसा

फॉर्म ५०१, म्हणजे निवडणूक लढवण्याचा इरादा जाहीर करणारा कागद, आधी, देणगी नंतर. हा क्रम उलटा करू नका. वर्षभरात २,००० डॉलर जमले की १० दिवसांत फॉर्म ४१० भरून प्रचाराचे पैसे सांभाळणारी समिती नोंदवावी लागते. त्याहून कमीत भागणार असेल तर फॉर्म ४७० हा छोटा हिशेबाचा कागद पुरतो.

आपल्या लोकांकडून नकळत नियम मोडतो तो इथे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या मित्राकडून किंवा भारतातल्या काकांकडून एक डॉलरही घेता येत नाही. ग्रीन कार्डधारक देऊ शकतात. एच-१बीवरची मंडळी विनामोबदला पत्रकं वाटू शकतात, पण प्रचाराच्या पैशांचे निर्णय त्यांच्याकडे नकोत. महाराष्ट्र मंडळ करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून ५०१(सी)(३) खाली नोंदलेलं असेल, तर त्याला कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा जाहीर करता येत नाही. गणेशोत्सवाच्या स्टेजवरून ‘आपल्या माणसाला मत द्या’ म्हटलं, तर मंडळाची करसवलतच धोक्यात येते. त्याऐवजी सगळ्या उमेदवारांना बोलावून सगळ्यांना तेच प्रश्न विचारणारी सभा मंडळाला घेता येते, आणि ती जरूर घ्यावी.